ढोल पायाशी आला

दिवाळीत आमच्या भिवंडीतले बरेचसे माग बंद असत, आणि त्या शांततेत आम्हा पोरांना झोप येत नसे. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे खरे वाटत नाही. पण ज्या गावात यंत्रमागांची खटाखट रात्रंदिवस चालते, त्या गावच्या मुलांना ती पाळण्याच्या कुरकुरीसारखी असते. ती थांबली की मूल दचकून जागे होते. त्या शांततेतच माझे मामा आपल्या बँडचे सामान माळ्यावरून खाली काढीत. चातुर्मासात लग्ने नाहीत, वराती नाहीत. गणपतीचे दिवस सोडले तर सगळी वाद्ये गोधड्यांत गुंडाळून पडलेली. दिवाळीत त्यांना ऊन दाखवायचे, पितळेला चिंच लावायची, चामडी ताणायची. कारण तुळशीचे लग्न लागले की पहिली सुपारी ठरलेली असे.

1968 सालच्या दिवाळीत या सामानात एक नवे वाद्य होते. नवे म्हणजे आमच्या दृष्टीने नवे. मामांनी ते मुंबईच्या जुन्या बाजारातून आणले होते. भिवंडीतले पुष्कळसे यंत्रमागही मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले, इकडे येऊन पुन्हा उभे राहिलेले. तेव्हा मुंबईची जुनी वस्तू भिवंडीत नवी होणे हा गावचा रिवाजच म्हणायचा. पोते सोडले तेव्हा आत एक आडवा ढोल निघाला. व्यास 18 इंच, खोली 14 इंच, बाजूंना लाकडी कडी, त्या कड्यांना लोखंडी पंजे, आणि पंज्यांतून गेलेल्या आठ-आठ चाव्या. सोबत लोखंडाची एक पायपट्टी, तिला चामड्याच्या वादीने बांधलेला एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला नमद्याचा गोळा. मामा त्याला ‘पेडल’ म्हणाले. बँडमधल्या मंडळींनी सायकलीच्या ओळखीवर त्याचे लगेच ‘पायडल’ केले.

आमच्या बँडचा मोठा ढोल 28 इंचांचा होता. त्याच्यापुढे हा ढोल म्हणजे हत्तीपुढे रेडकू. “बारशाची सुपारी घेतली वाटतं मास्तरांनी!” असे क्लॅरिनेटवाला म्हणाला आणि सगळे हसले. एकटे चाचा हसले नाहीत. चाचा म्हणजे आमचा मोठा ढोल वाजवणारे गृहस्थ. त्यांना तो लहान ढोल कशासाठी आला आहे ते बाकीच्यांच्या आधी समजले होते.

तो का आला होता ते सांगायला हवे. भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावांतून हळदीची रात्र ही लग्नाहून मोठी. मांडव भरतो, रात्र जागते, आणि त्या रात्रीला वरातीचा उभा बँड चालत नाही. बसून वाजवणारे हवेत, सिनेमातली गाणी हवीत. मुंबईच्या ऑर्केस्ट्रांची हवा तेव्हा आमच्याकडे पोचू लागली होती. वरातीत साइड ड्रम एकाने वाजवायचा, झांजा दुसऱ्याने, मोठा ढोल तिसऱ्याने. ऑर्केस्ट्रात मात्र एकच माणूस स्टुलावर बसून ही तिन्ही कामे करी. तिघांऐवजी एक. मामांनी हिशेब केला होता, आणि स्टुलावर कोणाला बसवायचे तेही ठरवले होते: मला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, तबला थोडा शिकलो होतो, आणि भाचा असल्यामुळे मला पगार द्यावा लागणार नव्हता.

हा ढोल असा पायाशी कधी आला आणि कोणी आणला, याचा मागोवा घेण्याची बुद्धी मला पुढे पुष्कळ वर्षांनी झाली. तो शोध मला भिवंडीहून फार दूर घेऊन गेला.

मोठा ढोल युरोपला मूळचा नव्हे. तो तुर्कांचा. उस्मानी सुलतानांच्या ‘मेहतर’ नावाच्या लष्करी वाद्यवृंदात दावुल नावाचा ढोल असे. तो गळ्यात अडकवीत. उजव्या हातातल्या जाड सोट्याने एका पानावर घुमारा काढीत आणि डाव्या हातातल्या बारीक छडीने दुसऱ्या पानावर तडतडाट करीत. पुण्याच्या ढोलपथकात एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताचा पंजा चालताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. 1683 साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला. तो उठला, फौजा परत गेल्या, पण त्या आवाजाची भूल मागे राहिली. पुढच्या शतकात युरोपातल्या राजेरजवाड्यांनी हौसेने तुर्की थाटाचे बँड पदरी ठेवले. 1782 साली व्हिएन्नात मोझार्टची तुर्की अंतःपुराच्या कथेवरची संगीतिका रंगभूमीवर आली, तिच्यात हा ढोल, झांजा आणि त्रिकोणी घंटा एकदम वाजतात. ज्याच्या आवाजाने ज्या गावाची झोप उडाली, त्याच गावाने शंभर वर्षांनी तो आवाज तिकीट काढून ऐकला!

तेथून हा ढोल इंग्रजांच्या पलटणींत आला, पलटणींबरोबर हिंदुस्थानात आला, आणि छावणीतून संस्थानिकांच्या दरबारी बँडांत गेला. संस्थाने खालसा झाली तेव्हा दरबारी बँडही ओसरले. पण त्यापूर्वीच लग्नाच्या वरातीने ही वाद्ये आपलीशी केली होती. नगारखान्याची जागा बँडने घेतली. आमच्या मामांचा जरीच्या फुलांचा लाल कोट हा शेवटी कोठल्यातरी गोऱ्या पलटणीच्या कोटाचा नातूच होता.

इथवर ढोल हातात होता. तो पायाशी आला अमेरिकेत. न्यू ऑर्लिन्स या बंदरगावी काळ्या लोकांचे बँड रस्त्यावरून मिरवणुका काढीत आणि रात्री नाचघरांत वाजवीत. रस्त्यावर ढोल वाजवायला स्वतंत्र माणूस परवडतो, कारण तेथे चालायचे असते. नाचघरात जागा थोडी आणि बिदागीही थोडी. मग एकाच माणसाने साइड ड्रम खुर्चीवर ठेवावा, मोठा ढोल शेजारी उभा करावा, आणि एकाच काठीने कधी याला तर कधी त्याला मारावे, अशी कसरत सुरू झाली. 1890 नंतरच्या दशकात त्या गावच्या डी डी चँडलर नावाच्या वादकाने लाकडाचे एक ओबडधोबड पेडल घरीच तयार केले आणि ढोलाचे काम हातावरून पायावर टाकले. त्याच सुमारास इतर ठिकाणीही अशा खटपटी चालू होत्या. पण हा माणूस जॅझच्या जन्मगावचा, म्हणून त्याचे नाव राहिले.

या पेडलांना एक खोड होती. दांडा लांब झोका घेई आणि पाय उचलल्यावर सावकाश परते. संथ चालीला ते ठीक. पण रॅगटाइमची द्रुत चाल आली तेव्हा पाय पुढे आणि दांडा मागे अशी अवस्था होऊ लागली. शिकागोत विल्यम लुडविग नावाचा वादक नाटकगृहात वाजवीत असे. त्याला आपल्याच पायाचा वेग पुरेना. त्याने जमिनीलगत बसणारी पट्टी आणि आखूड झोक्याचा दांडा करून पाहिला. 1909 साली आपला भाऊ थिओबाल्ड याच्याबरोबर त्याने कारखाना काढला, आणि लाकडी नमुन्याचे लोखंडी रूप त्याच्या मेहुण्याने, रॉबर्ट डॅन्लीने, सिद्ध केले. आज जगात कोठेही ड्रमवाला पाय आपटतो तो या नमुन्याच्या वंशजावरच. पुढे 1920 नंतरच्या दशकात डाव्या पायालाही काम मिळाले, दोन झांजा एकावर एक मिटवण्याचे. बसल्या जागी चारही अवयव गुंतले.

ढोल बसका झाला तसा लहानही होत गेला. सुरुवातीला तो आमच्या मोठ्या ढोलाएवढाच, 28 इंची वगैरे होता. मग तो 26, 24, 22 करीत उतरला. 1950 नंतर लहान क्लबांतून चौघे-पाचजण मिळून वाजवू लागले, प्रवास मोटारीतून होऊ लागला, तेव्हा 20 आणि मग 18 इंचांवर आला. एखाद्या कलेचा इतिहास लिहिताना लोक प्रतिभेविषयी फार लिहितात. मोटारीच्या डिकीविषयी कोणी लिहीत नाही.

मुंबईला हे सगळे बिऱ्हाड समुद्रमार्गे आले. 1935 साली लिऑन ॲबी हा अमेरिकन वादक काळ्या वादकांचा जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पण ही विद्या येथे रुजवली ती गोव्याच्या वादकांनी. गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. लिहिलेले संगीत डोळ्यांनी वाचून वाजवणारी फौज तेथे तयारच होती. आल्दोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाला. 1949 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, नाचघरे काही अंशी ओस पडू लागली, आणि ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओंत अधिकाधिक दिसू लागली. 1951 च्या ‘अलबेला’त पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांच्या चाली, भगवानदादा पालवांचा नाच आणि चिक चॉकलेटचा बँड अशी मोट बांधली गेली, आणि ज्या पोरांनी ताजमहाल हॉटेल बाहेरूनही पाहिले नव्हते ती पोरे त्या ठेक्यावर थिएटरात नाचू लागली. कावस लॉर्ड हे पारशी गृहस्थ आणि त्यांचे मुलगे केरसी व बर्जोर यांनी सिनेमाच्या संगीतात ड्रम आणि नाना तऱ्हेची तालवाद्ये वाजवली. पडद्यावर नाव येत नसे. आवाज मात्र भिवंडीच्या पानपट्टीवरच्या रेडिओपर्यंत येई.

तर असा तो ढोल. व्हिएन्ना, न्यू ऑर्लिन्स, शिकागो, मुंबई करून मामांच्या ओटीवर पोत्यात पडलेला. आणि आम्हांला तो लावता येईना.

पहिला प्रयत्न मी केला. मी तबल्याचा विद्यार्थी; मला ठाऊक असलेले लावणे म्हणजे चढवणे. गठ्ठ्यावर हातोडी मारायची, घर स्वरात येईपर्यंत वादी ताणायची. त्या न्यायाने मी आठही चाव्या क्रमाने, घड्याळाच्या काट्यासारख्या फिरत, हाताला रग लागेपर्यंत आवळल्या. पेडल दाबले. ढोल रॉकेलच्या रिकाम्या डब्यासारखा बोलला. मामांनी सगळे ढिले केले. तेव्हा तो ओल्या पोत्यासारखा बोलला. “फसवलं लेकानं,” मामा विक्रेत्याला उद्देशून म्हणाले. विक्रेता निर्दोष होता, हे मला आज सांगता येते.

या ठिकाणी थोडे शास्त्र आले तरी वाचकांनी कंटाळू नये. ताणलेल्या गोल चामड्याचा मूळ स्वर तीन गोष्टींवर ठरतो: चामडे किती जड, ताण किती, आणि व्यास केवढा. चामडे आणि ताण सारखेच ठेवले तर व्यास जितका लहान तितका स्वर वर. हवेचा भार हिशेबात धरला नाही, तर आमचा 28 इंची ढोल षड्ज बोलत असताना तेवढ्याच ताणावर हा 18 इंची ढोल पंचमाच्याही थोडा वर बोलला असता. त्याला खाली षड्जावर आणायचे तर ताण दोन-पंचमांशावर उतरवावा लागतो. आणि इतक्या ढिल्या पानात सुरकुती राहिली, एक बाजू कमी-जास्त राहिली, की घुमारा मरतो. म्हणजे लहान ढोलाला मोठ्याचा आवाज काढायला लावणे हे ढिले ठेवण्याचे कसब आहे, आणि ढिले ठेवणे हे आवळण्याहून अवघड. एकच चावी पाव फेरा जास्त झाली तरी सगळे बिघडते.

शिवाय हा ढोल स्वरात लागत नाही, हा काही त्याचा दोष नव्हे. साध्या चामड्यातून मूळ नादाबरोबर जे वरचे नाद निघतात ते मुळाच्या 1.59 पट, 2.14 पट असे आडनिडे असतात. त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. तबल्याच्या शाईने तो मेळ बसतो. दुप्पट, तिप्पट असे नाद जुळून येतात आणि चामड्यातून गाता स्वर निघतो. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. आपल्या कोणा अनाम कारागिराने ते त्यापूर्वी कितीतरी आधी बोटांनी साधले होते. साध्या ढोलाला शाई नाही; त्याचे वरचे नाद दाबायचे आणि तळचा ठोका तेवढा राखायचा, इतकेच करता येते. अहमदजान थिरकवाँसाहेबांना गंधर्व कंपनीत तबला लावताना ऐकलेली माणसे मला म्हाताऱ्या वयात भेटली आहेत. त्यांना या ढोलाचे काही सांगू लागलो की ती कीव आल्यासारखी हसत.

चाचा दोन दिवस काही बोलले नाहीत. आपला मोठा ढोल उन्हात फिरवीत बसले. तिसऱ्या दिवशी आले आणि मला म्हणाले, “हट बेटा.”

त्यांनी आधी पान उतरवले. ढोलाच्या खोडाची कड बोटाने चाचपत पूर्ण फिरले. एका जागी रंगाचा थर साचला होता, तो खरवडला. मग पान बसवून चाव्या नुसत्या बोटांनी, जितक्या जातील तितक्याच फिरवल्या. पानाच्या मध्यावर तळवा ठेवून वजन टाकले; चामडे कडेवर करकरत बसले. मग समोरासमोरच्या दोन चाव्यांना अर्धा अर्धा फेरा, तेथून काटकोनातल्या दोन चाव्यांना, असे आळीपाळीने. शेजारची चावी लागोपाठ कधी नाही. सुरकुत्या गेल्या तेथे ते थांबले. कान पानाजवळ नेऊन प्रत्येक चावीपाशी, कडेपासून दोन बोटे आत, बोटाने टिचकी मारीत गेले. जेथे स्वर वर तेथे पाव फेरा मागे, जेथे खाली तेथे पुढे. पुढचे पान त्यांनी मागच्याहून किंचित चढे ठेवले. त्या दोन पानांमध्ये कोंडलेली हवा एकीचे दुसरीला सांगते. दोन्ही अगदी सारखी असली तर ठोका लांबत राहतो, असे मी नंतर वाचले. चाचांनी ते वाचले नव्हते.

“अब गूँज बहुत है,” ते म्हणाले आणि मामीकडे जुनी घोंगडी मागितली. तिची चार बोटे रुंदीची पट्टी फाडून त्यांनी मागच्या पानाखाली, मध्यापासून जरा बाजूला, आडवी ताणून बसवली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात त्यातलाच हा प्रकार: चामड्याचा आगाऊपणा कमी करायचा.

ढोल लागला. आता पेडल. ते मागच्या कड्याला आवळले तर गोळा पानाच्या मध्यावर न बसता तीन बोटे वर बसे. कारण पेडल मोठ्या ढोलासाठी केलेले आणि ढोल लहान. दांडा खोबणीत जितका खाली जाईल तितका घातला, तरी दोन बोटे उरलीच. तेव्हा चाचा घरी गेले आणि शिसवीच्या दोन जुन्या, हाताच्या घामाने काळ्या झालेल्या फळ्या घेऊन आले. त्या ढोलाखाली घालून त्यांनी ढोल उचलला. गोळा नेमका मध्याच्या किंचित वर येऊन टेकला.

त्या फळ्या त्यांच्या हातमागाच्या होत्या. चाचांचे घराणे विणकरांचे. 1857 नंतर उत्तरेकडून जे विणकर देशोधडीला लागून इकडे आले, त्यांतले त्यांचे पूर्वज. हातमागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. खाली दोन फळ्या असतात. चाचा त्यांना पावडी म्हणत. एक दाबली की ताण्यातले अर्धे धागे वर, मधून धोटा सरकतो, मग दुसरी. चाचांनी पंचवीस वर्षे त्या दाबल्या होत्या. यंत्रमाग आले, माणसाच्या पायाला काम उरले नाही, खड्डा बुजवून तेथे चूल मांडली, आणि चाचा मामांच्या बँडमध्ये ढोल गळ्यात घालून चालू लागले.

त्यांनी स्टुलावर बसून पेडलवर पाय ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. टाच पट्टीच्या मागच्या टोकाला टेकलेली, चवडा वर. त्यांनी एकदा दाबले, दोनदा दाबले आणि स्प्रिंगचा खिळा थोडा आवळला. पुन्हा दाबले, थोडा सैल केला. “मास्टर, ये तो अपनी पावडी है,” ते मामांना म्हणाले. मग अर्धा तास त्यांनी तो पाय थांबवला नाही. ठोका एकसारखा, जाड, कोरडा. ढोल प्रत्येक ठोक्याला तसूतसूने पुढे सरकू लागला तेव्हा त्यांनी एक सुतळी घेऊन ढोलाचे पाय आणि स्टूल एकमेकांना बांधले, आणि आपल्याच वजनाने ढोल रोखून धरला.

मग त्यांनी मला बसवले. मी पाय दाबून तसाच ठेवत असे. गोळा पानावर चिकटून राही आणि आवाज गुदमरे. “पैर वापस ले,” ते म्हणत. त्या महिन्यात हे वाक्य मी किती वेळा ऐकले त्याला गणती नाही. दाबणे सगळ्यांना येते, परत घेणे शिकावे लागते; मागावर पाय वेळेवर परत आला नाही तर धोटा ताण्यात अडकून दहा धागे तुटतात, असे त्यांनी सांगितले.

हा माणूस स्वतःच्या जागेवर मला बसवीत होता, हे मला कळत होते का? खरे सांगायचे तर नव्हते. मला स्टूल मिळाले होते आणि लाल कोट मिळणार होता. पहिल्या हळदीला मी वाजवले, गाव नाचले, आणि पहाटे मामांनी पैसे वाटले तेव्हा चाचा तेथे नव्हते, कारण त्यांना बोलावलेच नव्हते. पेडलचा ढोल चालू शकत नाही. म्हणून वराती त्यांच्याकडे राहिल्या आणि हळदी गेल्या. मोसमात दोन्ही मिळून जे मिळे ते जवळजवळ निम्मे झाले. मामा वाईट मनुष्य नव्हते. पावसाळ्यात ते चाचांच्या घरी तांदूळ पाठवीत. पण तांदूळ ही मजुरी नव्हे, आणि हे दोघांनाही माहीत होते.

तरीही ढोल लावायला चाचाच येत. कोकणातल्या हवेत चामड्याचा भरवसा नाही. संध्याकाळी लावलेले पान मध्यरात्री दंव पडले की उतरते. अमेरिकेतले जुने वादक यासाठी ढोलाच्या आत विजेचा दिवा लावून ठेवीत. आमच्याकडे मांडवात हलगीवाले जाळ करून हलगी शेकत, त्या जाळापासून हातभर अंतरावर चाचा ढोल धरीत आणि तळवा लावून ऊब बघत. 1956-57 च्या सुमारास अमेरिकेत चिक एव्हान्स आणि रेमो बेली यांनी प्लॅस्टिकच्या पडद्याची पाने बाजारात आणली. त्यांना ना पाऊस बाधे ना ऊन. ती आमच्याकडे पोचायला पुष्कळ वर्षे लागली. मामांनी तसे पान बसवले तेव्हा चाचांनी बोटाने टिचकी मारून पाहिली आणि “अच्छा है” एवढेच म्हणाले. त्या वर्षापासून त्यांना लावायलाही बोलावण्याचे कारण उरले नाही. पुढे एका साली आम्ही ढोल, पेडल, स्टूल सगळेच हातगाडीवर चढवून वरातीत ढकलले. पेडलचा ढोल रस्त्यावरही चालू लागला. तेव्हा चाचांनी आपला 28 इंची ढोल मामांच्या ओटीवर आणून ठेवला, पट्टा गुंडाळून वर ठेवला, आणि चहा घेऊन घरी गेले. त्यांच्या मुलाला मामांनी ओळखीच्या कारखान्यात यंत्रमागावर लावून दिले होते.

माझी पाळी येण्यास फार काळ लागला नाही. 1985 साली जपानच्या रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड काढला: आठ रबरी चौकोन, काठीने मारले की हवे ते वाद्य वाजते, ढोलही वाजतो. पुढच्या काही वर्षांत तो आमच्या भागातल्या प्रत्येक बँजो पार्टीत आणि ऑर्केस्ट्रात शिरला. तो वाजवायला मामांनी दुसरा मुलगा आणला. त्याला उभ्याने वाजवता येई, त्याला स्टूल नको, फळ्या नकोत. मला मामांनी हिशेबाच्या वहीवर बसवले. मी भाचा होतो म्हणून वही मिळाली.

मामा गेले, बँड मोडला, पितळ विकले गेले. लहान ढोल मी घरी आणला आणि पेडलसकट माळ्यावर ठेवला. यंदा दिवाळीची झाडझूड करताना नातीने तो खाली ओढला. चाव्या गंजल्या होत्या. रॉकेल घालून एक रात्र ठेवल्या. पान प्लॅस्टिकचेच, पण पुढचे फाटलेले. मुंबईहून नवे मागवले. समोरासमोरच्या चाव्या अर्धा अर्धा फेरा देत मी तो लावला. घोंगडीची पट्टी उंदरांनी खाल्ली होती, तिच्या जागी नमद्याची घातली. गोळा पानावर तीन बोटे वर बसू लागला तेव्हा फळ्या शोधल्या. त्या पोत्याच्या तळाशी होत्या.

“आजोबा, या लाकडांना एवढी गुळगुळीत कोणी केली?” नातीने विचारले. मी सांगू लागलो, पण तिचा पाय तोपर्यंत पट्टीवर गेला होता. तिने दणदिशी दाबले आणि दाबूनच धरले.

“पाय परत घे,” मी म्हटले.